परवलीचा शब्द

देवळाली कॅम्प म्हटले की मुंबईकराला आठवते ती तिथली कोरडी हवा आणि हवापालटासाठी बांधलेली सॅनिटोरियमे. नाशिककराला आठवते ती तोफखान्याची शाळा आणि सरावाच्या तोफांचा दुरून घुमत येणारा आवाज. पण वाचकहो, आज मी तुम्हांला या गावी नेणार आहे ते एका साध्या माणसाची भेट घडवण्यासाठी. तो म्हणजे छावणीच्या फाटकावर उभा असलेला पहारेकरी. पैसा फोनमधून ये-जा करू लागल्यापासून तुमच्याआमच्या प्रत्येक घराला असे एक फाटक झाले आहे. त्या फाटकावर पहारा कसा करावा, हे शिकायचे तर या पहारेकऱ्यासारखा गुरू नाही.

देवळालीची छावणी वसली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मुंबई बंदरात बोटीतून उतरलेले गोरे शिपाई आगगाडीने घाट चढून इथे येत, चार दिवस विसावा घेत आणि मग हिंदुस्थानभरच्या पलटणींत वाटले जात. मुदत संपलेले शिपाईही परतीच्या बोटीची वाट पाहत इथेच मुक्काम करीत. बोटी ठरावीक हंगामातच सुटायच्या. हाताला काम नाही, वर ऊन आणि अंगात हिवताप! अशा मुक्कामात कितीएकांची डोकी फिरत. इंग्रजी भाषेत भ्रमिष्टाला 'डूलाली' म्हणू लागले ते आपल्या या देवळालीवरूनच. मूळ शब्दप्रयोग 'डूलाली टॅप' असा, आणि त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप.

आता पाहा, अशा छावणीत रोज नवे चेहरे. आज आलेला उद्या गेलेला. 'मी ह्याला ओळखतो' एवढ्यावर कोणाला आत सोडण्याची सोयच नाही. अंगावर गणवेश आहे म्हणावे, तर गणवेश चोरताही येतो. मग लष्कराने जगभर वापरलेली जुनी युक्ती इथेही आली. अंधारात पाऊल वाजले की पहारेकरी दरडावून विचारणार, कोण येतो आहे? इंग्रजीतल्या त्या प्रश्नाचे देशी शिपायांच्या तोंडी 'हुकुमदर' झाले. येणाऱ्याने उत्तरादाखल त्या रात्रीपुरता ठरलेला शब्द सांगायचा. शब्द बरोबर तर फाटक उघडणार, नाही तर बंदूक रोखली जाणार. त्या शब्दाला म्हणायचे 'पॅरोल'. मराठीतला 'परवल' हा त्याचाच अवतार मानला जातो. आज आपण 'पासवर्ड'ला परवलीचा शब्द म्हणतो, तेव्हा नकळत एक छावणीतला शब्दच उच्चारीत असतो.

या रीतीचा गाभा ध्यानात घ्या, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. शब्द विचारायचा पहारेकऱ्याने आणि सांगायचा येणाऱ्याने. येणाराच जर म्हणू लागला की, 'अरे, मी वरून आलेला साहेब आहे, आजचा शब्द काय ते मला सांग पाहू,' तर तो साहेब नव्हे, हे ओळखायला पहारेकऱ्याला दुसरा पुरावा नको. पहारेकऱ्यालाच परवल विचारणारा तो चोर!

ही सावधगिरी इंग्रजांनीच आपल्याला शिकवली असे मात्र नाही. शिवकालात किल्ल्याचा कारभार एकाच्या हाती ठेवीत नसत. हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे तिघे एका प्रतीचे अधिकारी असत आणि तिघांनी मिळून कारभार करायचा, असे सभासदाने आपल्या १६९७ च्या बखरीत नोंदवले आहे. हेतू उघड होता. एखादा शत्रूच्या लालचीला भुलला किंवा धाकाला भ्याला, तरी एकट्याच्या हातून गड जाऊ नये. कुलूप कितीही भक्कम असले तरी किल्ली बाळगणाऱ्याचे मन भक्कम राहीलच असे नाही, हे त्या लोकांनी पुरते ओळखले होते.

पैशाच्या व्यवहारातही हाच शहाणपणा दिसतो. काशीयात्रेला निघालेला माणूस रोकड कमरेला बांधून जात नसे. आपल्या गावच्या सावकाराकडे रक्कम भरून तो काशीच्या पेढीवरची हुंडी घेई. हुंडी म्हणजे एक कागदाचा तुकडा, पण त्यात केवढी हुशारी भरलेली होती! रक्कम आकड्यांत लिहायची, अक्षरांत लिहायची, शिवाय तिचे निमे किती आणि त्याची दुप्पट किती हेही लिहायचे. कोणी एक शून्य वाढवले तर बाकीचा मजकूर लगेच ओरडून चुगली करणार. हुंडी गहाळ झाली तर 'पेठ' म्हणजे दुसरी प्रत, तीही गेली तर 'परपेठ'. 'शाहजोग' हुंडीचा पैसा तर बाजारात पत असलेल्या सावकारामार्फतच मिळायचा, वाटेवरच्या कोणालाही नाही. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हुंडी लिहिणारा सावकार दुसऱ्या वाटेने समोरच्या पेढीला आगाऊ पत्र पाठवी की, अमुक रकमेची हुंडी येत आहे. कागद एका वाटेने आणि खूण दुसऱ्या वाटेने. दोन्ही जुळल्या तरच थैलीचे तोंड सुटायचे.

रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवरच्या कार्डाच्या व्यवहाराला दुसरी पडताळणी सक्तीची केली. कार्डाचा क्रमांक एका वाटेने आणि एकदाच वापरायचा 'ओटीपी' फोनच्या दुसऱ्या वाटेने. सावकाराचे ते आगाऊ पत्र आणि हा ओटीपी यांची जात एकच. म्हणूनच ओटीपी परक्याला वाचून दाखवणे म्हणजे हुंडीबरोबर ते पत्रही वाटेवरच्या भामट्याच्या हाती देणे होय.

हुंडीनंतर आले टपालखाते. पाव आण्याचे पोस्टकार्ड १८७९ साली निघाले, मनिऑर्डर १८८० साली आणि टपालाची बचत बँक १८८२ साली. पलटणीतल्या शिपायाची मनिऑर्डर गावी आली की पोस्टमन ओसरीवर बसायचा, म्हातारीचा अंगठा घ्यायचा आणि शेजारचा कोणी साक्षीला सही करायचा. पोस्टकार्ड तर काय, उघडेच! पोस्टमनने वाचावे, मास्तरांनी मोठ्याने वाचून दाखवावे आणि मुलाचे दुखणे, सुनेचे बाळंतपण, सावकाराचे देणे, सारे गावभर व्हावे. अक्षरओळख नसल्याची ती किंमत होती. आज आपण अक्षरे वाचतो खरे, पण फोनची अक्षरओळख कितीजणांना आहे? मोबाइलच्या दुकानात जाऊन 'बाळा, जरा पैसे पाठवून दे, पिन अमुक अमुक' असे सांगणारे आजोबा तुम्ही पाहिले असतीलच. पोस्टकार्डातून घरची गोष्ट फुटायची, इथे घरची किल्लीच जाते.

देवळाली कॅम्पापासून दोन कोसांवर नाशिक रोड आहे. तिथे १९२५ साली सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि १९२८ साली नोटांचा छापखाना. तोवर आपली टपाल तिकिटे आणि नोटा विलायतेत छापून यायच्या. नोटेतला जलचिन्हाचा कागद, बारीक नक्षी, एकाच आकड्याचे दोनदा न येणे, हे सगळे तुम्हाआम्हाला खरेखोटे ओळखता यावे म्हणून. परंतु माणसाच्या लोभाची वाट तिथूनही गेली. याच छापखान्याची मोडीत काढलेली यंत्रे मिळवून अब्दुल करीम तेलगीने बनावट मुद्रांकांचा बाजार मांडला. २००१ साली तो पकडला गेला आणि पुढे त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली. छापखान्याची भिंत त्याने फोडली नव्हती. आतल्या माणसांचे मन मात्र फोडले होते.

बँकेचा जमाना आला तेव्हा पहारा कारकुनाकडे होता. तुम्ही पैसे काढायला जायचा, कारकून तुमची सही कार्डावरच्या नमुन्याशी ताडून पाहायचा, हातात पितळी बिल्ला द्यायचा आणि खिडकीतून चष्म्यावरून एकदा तोंडाकडेही पाहायचा. म्हातारबुवा घाबरलेले दिसले, बरोबर कोणी अनोळखी असला, तर तो विचारायचा, 'काका, एवढी रक्कम आज कशाला?' हा प्रश्न कुठल्याही नियमात लिहिलेला नव्हता. पण त्या एका प्रश्नाने कितीतरी घरे वाचली असतील.

एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आले आणि भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांच्या हाती ती सोय पोहोचली. सोय खरीच मोठी, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण या व्यवहारात खिडकीतला तो कारकून नाहीसा झाला, हे आपल्या ध्यानात आले नाही. नोकरी त्याची गेली आणि पहारा आपल्याकडे आला. कोणी हुकूम काढला नाही, कोणी शिक्षण दिले नाही. घराघरातली सूनबाई, आजोबा, कॉलेजातला मुलगा हे एका रात्रीत पहारेकरी झाले.

पहारेकरी बदलला तर काय होते, याचे मोठे उदाहरण पुण्यात घडले. कॉसमॉस बँक ही १९०६ साली स्थापन झालेली जुनी सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ या दिवशी चोरांनी तिच्या संगणकात घुसून तिच्या खऱ्या पडताळणीच्या जागी आपली खोटी पडताळणी उभी केली. एटीएममध्ये कार्ड घातले की यंत्र बँकेला विचारते, 'देऊ का?' या प्रश्नाला तो खोटा पहारेकरी दर वेळी 'दे' म्हणत गेला. २८ देशांतल्या यंत्रांतून सुमारे ७८ कोटी आणि आपल्या देशातून अडीच कोटी रुपये काही तासांत निघाले. १३ ऑगस्टला आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख! ग्राहकांच्या खात्यांतून रक्कम गेली नाही, तोटा बँकेला झाला. पण एवढी जुनी संस्था फसू शकते, तर आपण फसलो म्हणून मान खाली घालण्याचे कारण नाही, हेही यातून शिकण्यासारखे आहे.

घरातल्या फाटकावर मात्र चोराला एवढी विद्या लागत नाही. तो सरळ पहारेकऱ्यालाच परवल विचारतो. समजा, देवळाली कॅम्पात राहणारे एक निवृत्त सुभेदार आहेत. सकाळी फोन येतो, 'साहेब, पेन्शनचे कागद अपुरे आहेत, आज दुपारी खाते बंद होईल. आलेला नंबर सांगा.' ज्या माणसाने उभ्या आयुष्यात रात्रीच्या अंधारात मोठ्या साहेबालाही 'थम! कौन आता है?' म्हणून थांबवले, तोच माणूस खुर्चीत बसून तो आकडा वाचून दाखवतो. का? कारण फोनवरचा आवाज गणवेशातला वाटतो, आणि घाई असते. चोराची सारी मदार या दोन गोष्टींवर, एक दरारा आणि दुसरी घाई.

'डिजिटल अटक' म्हणून जो प्रकार गेल्या काही वर्षांत माजला, तो याचाच पुढचा टप्पा. पडद्यावर पोलिसाचा गणवेश, मागे अशोकस्तंभाचे चित्र आणि दमदाटी, 'तुमच्या नावावर गुन्हा आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही, कोणाला सांगायचे नाही, चौकशी होईपर्यंत रक्कम या खात्यात ठेवा.' आपल्या कायद्यात फोनवरून अटक करण्याची तरतूदच नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरच्या आपल्या 'मन की बात'मध्ये हा विषय काढला आणि सांगितले की थांबा, विचार करा आणि मग पाऊल उचला. पहारेकऱ्याच्या शिक्षणात तरी याहून वेगळे काय असते?

त्या धमकीतले एक वाक्य मला सर्वांत घातक वाटते. 'कोणाला सांगायचे नाही.' पहारेकऱ्याला संशय आला तर त्याने एकट्याने मर्दुमकी गाजवायची नसते, हाक मारून गारद बोलवायची असते. गडावर तिघे का ठेवीत, हे आठवा. चोराला तुमची गारद नको असते, म्हणून तो आधी तुम्हांला एकटे पाडतो. नवरा बायकोला सांगत नाही, वडील मुलाला सांगत नाहीत. एक शरमेने गप्प, दुसरा भीतीने गप्प. आणि त्या गप्पपणात जन्माची पुंजी निघून जाते.

इथे घरच्या खाजगीपणाचा मुद्दा येतो, आणि तोही छावणीनेच आपल्याला शिकवलेला आहे. तुमच्या नात्यातला कोणी फौजेत असेल तर त्याला पत्र कसे लिहितात हे तुम्ही जाणता. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि पुढे '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ'. गावाचे नाव नाही. मुलगा बर्फात आहे की वाळवंटात, ते पाकीट वाचणाऱ्याला कळत नसे. पत्र मात्र बिनचूक पोहोचायचे. महाराष्ट्रातल्या हजारो आयांनी ही शिस्त बिनतक्रार पाळली. आज त्याच घरांतून नातवाचा फोटो शाळेच्या नावासकट, नव्या गाडीचा फोटो नंबरासकट आणि 'आम्ही आठ दिवस बाहेरगावी' ही बातमी तारखेसकट जगाला पाठवली जाते. जुलै २०२० मध्ये लष्कराने आपल्या माणसांना फोनमधली ८९ ॲप्स काढून टाकायला सांगितली, तेव्हा काहींना ते जास्तच वाटले. पण चोराला एका मोठ्या गुपिताची गरज नसते. दहा छोट्या गोष्टी जुळवून तो तुमच्याशी घरच्यासारखा बोलू लागतो. मुलाचे नाव, बँकेची शाखा, सुनेचे माहेर हे त्याच्या तोंडून ऐकले की आपण भुलतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि २०२३ साली माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण जे आपणच ओसरीवर मांडून ठेवले, त्याची राखण कायदा किती करणार?

तेव्हा गोष्ट दुहेरी आहे. बाहेरच्याला घरातले सांगू नये, आणि घरच्यापासून संकट लपवू नये. आपल्याकडे बहुधा याच्या उलट चालते.

आता घरच्या पहाऱ्याचे चार नियम सांगतो, ते मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी लावा. पहिला, ओटीपी, पिन, पासवर्ड विचारणारा कोणीही असो, तो चोर. पिन लागतो तो पैसे देताना, घेताना कधीच नाही. दुसरा, आलेल्या फोनवर व्यवहार करायचा नाही. फोन ठेवायचा आणि पासबुकावरच्या किंवा कार्डामागच्या नंबरावर आपण होऊन विचारायचे. हीच ती दुसरी वाट. बँकेचे संकेतस्थळ उघडतानाही नाव नीट वाचावे. रिझर्व्ह बँकेने आपल्या बँकांना 'डॉट बँक डॉट इन' हे वेगळे आडनाव दिले आहे. तिसरा, लग्नपत्रिका म्हणून, बिल म्हणून, बक्षीस म्हणून आलेली अनोळखी फाइल उघडू नये, आणि कोणाच्या सांगण्यावरून आपला पडदा दुसऱ्याला दिसेल असे ॲप घेऊ नये. आधारची प्रत द्यायची तर शक्य तिथे आकडे झाकलेली द्यावी, आणि बोटांच्या ठशांना कुलूप घालण्याची आधारने दिलेली सोय वापरावी. म्हातारीचा अंगठा तेव्हाही मोलाचा होता, आजही आहे. चौथा, मोठी रक्कम हलवण्याआधी घरातल्या आणखी एकाला सांगावे. ठरवले तर बँकेच्या त्या जुन्या कारकुनाचा प्रश्न आपण एकमेकांना विचारू शकतो, 'एवढी रक्कम आज कशाला?'

एवढे करूनही फसगत झालीच, तर रडत बसू नये. १९३० या नंबरावर त्याच घटकेला फोन करावा, बँकेला कळवावे. चोरीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतो, लवकर ओरड झाली तर वाटेत अडवता येतो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाच्या जबाबदारीची मोजदादच ठरवून दिली. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, मधल्या कुणाची आहे, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर तोटा तुमचा नाही. मात्र गुप्त आकडा तुम्हीच दिला असेल तर कळवीपर्यंतचा तोटा तुमच्या माथी. म्हणजे दोन्हींकडून महत्त्व एकाच गोष्टीला, ताबडतोब तोंड उघडण्याला.

देवळालीच्या फाटकावर शेकडो पहारेकरी आले आणि गेले. त्यांतल्या कोणाचे नाव इतिहासात नाही. पण अंधारात थांबवल्याबद्दल खरा साहेब पहारेकऱ्यावर कधी रागावत नाही, उलट शाबासकी देतो. रागावतो तो खोटा. उद्या फोनवर कोणी तुमच्यावर आवाज चढवला, घाई केली, तर एवढे आठवा आणि शांतपणे फोन ठेवून द्या. खऱ्या बँकेला त्याचा राग येणार नाही. मग घरच्यांना हाक मारा. गारद बोलावण्यात कसली आली आहे लाज?